मांडीमागची कळ आणि मर्दन

कमरेतून निघालेली कळ कुल्ल्यातून, मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीपर्यंत, कधी थेट पावलापर्यंत उतरते. तिला आपण 'सायटिका' म्हणतो. आयुर्वेदात या व्याधीचे नाव 'गृध्रसी'. गृध्र म्हणजे गिधाड. रुग्ण गिधाडासारखा लंगडत चालतो, म्हणून हे नाव पडले असे मानतात. चरकसंहितेत ती वातव्याधींमध्ये गणलेली आहे.

दुखतो पाय, मूळ मात्र बहुधा कमरेत असते. दोन मणक्यांमधील चकती सरकली, की ती शरीरातील या सर्वांत जाड मज्जातंतूचे एखादे मूळ दाबते. मग मर्दनाने काय साधते? सरकलेली चकती त्याने जागेवर बसत नाही, हे आधी समजून घ्यावे. वेदनेमुळे कमरेचे व कुल्ल्याचे स्नायू आखडतात. कोमट तिळाचे तेल लावून हलक्या हाताने चोळल्यास ते सैल होतात आणि काही काळ आराम वाटतो. "चांगलं रगडा" असा आग्रह घरोघरी होतो, तो मानू नये. पाठीवर पाय देणे, झटका देऊन 'मणका बसवणे' हे प्रकार तर घातक ठरू शकतात.

बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. तोवर अंथरुणाला खिळून न राहता झेपेल तेवढे चालावे. परंतु लघवी अडली किंवा तिच्यावरील ताबा सुटला, जांघेचा भाग बधिर झाला अथवा पाऊल उचलेनासे झाले, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.