एकाच वेळी अनेक आक्रमणकर्त्यांना तोंड देतांना : वेढ्यातून बाहेर पडण्याचा सराव

स्वरक्षणाच्या वर्गात एकास एक सराव काही मास झाला की, प्रशिक्षणार्थी एक प्रश्न हमखास विचारतात, ‘समोर तिघे-चौघे आले, तर काय करायचे ?’ बहुतेकांच्या मनात त्याचे उत्तर आधीच सिद्ध असते आणि ते चित्रपटातून आलेले असते. नायक मधोमध उभा असतो, भोवती दहा जण असतात आणि ते एकेक करून मार खायला पुढे येतात. प्रत्यक्षात कुणीही स्वतःची पाळी येईपर्यंत थांबत नाही. पुढचा शिवीगाळ करून लक्ष वेधून घेतो, तेवढ्यात मागचा दंड धरतो. एकदा दंड धरला गेला की, उरलेल्यांना काही कौशल्य लागत नाही.

त्यामुळे ‘चौघांना कसे पाडावे ?’, हा या पाठाचा विषय नाही. चौघांच्या मधून धडधाकट बाहेर कसे पडावे, हा आहे. काही जणांना हे ऐकून थोडे निराश व्हायला होते. त्यांनी खालील पहिला सराव एकदा करून पहावा, मग पुढचे वाचावे.

१. वेढा आणि रांग

मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या माणसाभोवती चार जण चार दिशांना पसरले, तर चौघेही एकाच क्षणी त्याच्यापर्यंत पोचू शकतात. तो कुणाकडेही वळला, तरी कुणीतरी त्याच्या पाठीशी असतोच. हा झाला वेढा. आता तोच माणूस वेगाने एका टोकाच्या आक्रमणकर्त्याच्या बाहेरच्या अंगाला सरकला, तर काय होते ? उरलेल्या तिघांना त्याच्यापर्यंत यायचे, तर आपल्याच साथीदाराला वळसा घालून यावे लागते. क्षणभर का होईना, चौघे एकामागे एक येतात आणि पोचण्याच्या अंतरावर केवळ एकच जण उरतो. ही झाली रांग. वेढ्याची रांग करणे आणि ती मोडायच्या आत पुन्हा सरकणे, एवढेच अनेकांशी लढण्याचे मर्म आहे. हातांचे डावपेच त्यानंतर येतात.

घोडखिंडीचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. १३ जुलै १६६० या दिवशी बाजीप्रभु देशपांडे आणि मोजके मावळे यांनी मोठ्या सैन्याला तेथे रोखून धरले. त्यांचे शौर्य वादातीत आहे. पण ते शौर्य उघड्या माळावर पणाला लावलेले नव्हते, हे आपण विसरतो. खिंड अरुंद होती. शत्रू कितीही असले, तरी एका वेळी पुढे येऊ शकणारे थोडेच होते. तेथे निसर्गानेच वेढ्याची रांग करून दिली होती. दुसरी गोष्ट म्हणजे सर्व सैन्याचा पराभव करणे, हे त्यांचे ध्येयच नव्हते. छत्रपती शिवाजी महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत वेळ काढायचा होता. ध्येय इतके नेमके असल्यामुळे जागा तशी निवडता आली. रस्त्यावरच्या आक्रमणात आपले ध्येय त्याहून लहान असते, ते म्हणजे आपण निसटणे. तेही तितकेच नेमके ठेवावे.

यावरून भिंतीचा प्रश्न सोडवता येतो. ‘पाठ भिंतीला लावावी म्हणजे मागून कुणी येणार नाही’, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. मागून कुणी येत नाही हे खरे. पण आपल्यालाही कुठे जाता येत नाही. तिघे समोरून अर्धवर्तुळ करून उभे राहिले की, भिंत त्यांच्याच बाजूची होते. भिंतीला खेटून न रहाता तिच्या कडेकडेने सरकत रहावे. उभी केलेली चारचाकी, हातगाडी, दुभाजक किंवा विजेचा खांब यांचाही असाच उपयोग होतो. गाडीभोवती फिरणार्‍या माणसाला दोन बाजूंनी घेरायला त्या तिघांनाही डोके चालवावे लागते आणि तेवढा वेळ आपला असतो.

२. पवित्र्याचा सराव

मर्दानी खेळाच्या आखाड्यात शस्त्र हाती देण्याआधी पवित्रे शिकवतात. नव्या मुलांना त्याचा कंटाळा येतो. पाय उचलणे, वळणे, तिरपे सरकणे यांत त्यांना ‘लढाई’ दिसत नाही. पण अनेकांशी लढतांना जे उपयोगी पडते, ते हेच.

अ. पहिला सराव : मैदानावर चुन्याने साधारण वीस फुटांचा चौकोन आखावा. मध्ये एक प्रशिक्षणार्थी आणि भोवती तिघे असावेत. तिघांनी केवळ चालायचे आणि त्याच्या खांद्याला हात लावायचा प्रयत्न करायचा. मधल्याने मारायचे नाही, ढकलायचे नाही, केवळ सरकत राहून तिघांना एका रांगेत ठेवायचे. अर्धा मिनिट तग धरणे हे ध्येय असावे. पहिल्या दिवशी बहुतेक जण काही क्षणांत पकडले जातात.

पकडले जाण्याची कारणे जवळजवळ नेहमी सारखीच असतात. एक म्हणजे सरळ मागे हटणे. मागे चालणारा माणूस पुढे चालणार्‍यापेक्षा हळू असतो आणि त्याला मागचा खड्डा दिसत नाही. मागे न हटता तिरपे, टोकाच्या माणसाच्या बाहेरच्या अंगाला जायला हवे. दुसरे कारण म्हणजे एकावरच नजर खिळणे. तिघांतला जो सर्वांत अधिक ओरडतो, त्याच्याकडेच आपण पहात रहातो. नजर कुणा एकाच्या डोळ्यांत न ठेवता छातीच्या उंचीवर, सैल ठेवावी. असे केल्याने कडेच्या हालचाली अधिक चांगल्या टिपता येतात.

आ. दुसरा सराव : वरील सराव अंगात मुरल्यावर तिघांच्या हाती मऊ उशा द्याव्यात आणि त्यांनी खरोखर मारावे. मधल्याने दोन्ही हात कानशिलांजवळ, कोपरे आत अशी ढाल करून डोके सांभाळावे आणि रांग करत रहावे. वाटेत आलेल्या एकाला तळव्याने खांद्यावर जोराचा धक्का देऊन त्याच्या साथीदारांच्या वाटेत ढकलावे. पडलेला किंवा तोल गेलेला एक माणूस मागच्या दोघांचा अडथळा होतो.

इ. तिसरा सराव : चौकोनाची एक बाजू ‘दार’ म्हणून ठरवावी. सराव चालू असतांना प्रशिक्षकांनी अचानक दाराची दिशा पुकारावी. जो त्या रेषेपलीकडे पोचला, तो जिंकला, मग त्याने एकही फटका मारलेला नसला तरी चालेल. आमच्या मते वर्गात सर्वांत अधिक वेळ या सरावाला द्यावा. प्रत्यक्षात मात्र तो सर्वांत कमी होतो. कारण पहाणार्‍यांना तो पळापळीचा खेळ वाटतो.

जपानच्या आयकिडो या कलेतही अनेकांनी एकामागून एक झडप घालायची आणि मधल्याने न थांबता सरकत रहायचे, असा सराव आहे. त्याला ‘रानदोरी’ म्हणतात. तेथेही नवशिक्यांना पहिली सूचना ‘थांबू नका’ हीच असते.

३. जवळून झटापट नको

एकास एक सरावात शिकलेले पकडीचे आणि जमिनीवरचे डाव येथे बाजूला ठेवावेत. एकाला धरून ठेवले, म्हणजे आपणही त्याला बांधले गेलो. खाली पडल्यास हनुवटी छातीला लावून डोके झाकावे, कुशीवर वळावे आणि पाय आक्रमणकर्त्यांच्या दिशेने ठेवून जितके लवकर उठता येईल, तितके उठावे. केवळ या उठण्याचा सराव प्रत्येक वर्गात दहा वेळा तरी व्हावा.

४. लाठी कुठे उपयोगी, कुठे नाही ?

घोळक्याला दूर ठेवण्यासाठी लाठीसारखे साधे शस्त्र नाही. कानापर्यंत उंचीची लाठी चौफेर फिरू लागली की, तिच्या कक्षेत पाऊल टाकायला कुणालाही विचार करावा लागतो. तमिळनाडूतील सिलंबम् या कलेतही वेळूची काठी अशीच शरीराभोवती अखंड फिरवतात. आपल्याकडील दांडपट्टा याच तत्त्वावर आहे. त्याची मूठ हाताला कोपरापर्यंत झाकते, त्यामुळे मनगट वळत नाही. सारा वार खांदा, कंबर आणि पाय यांतून येतो आणि पटाईत माणसाला अंगासह फिरावेच लागते. चहूबाजूंनी माणसे असतांना हे अंगभूत फिरणे कामी येते. वडोदरा येथील द.चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या दहा खंडांत आपल्या या शारीरिक परंपरेची मोठी नोंद मराठीत झाली आहे. जिज्ञासूंनी ग्रंथालयात तो अवश्य पहावा.

लाठीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. बोळात, जिन्यावर, आगगाडीच्या डब्यात ती फिरत नाही. तेथे ती दोन्ही हातांनी आडवी धरून ढकलण्यासाठी किंवा टोकाने भोसकण्यासाठीच वापरता येते. शिवाय ती एकाने धरली की, ओढाताण चालू होते आणि आपण पुन्हा एका जागी खिळतो. अशा वेळी क्षणाचाही मोह न धरता लाठी सोडून द्यावी. तसेही आपण बाजारात लाठी घेऊन जात नाही. हाताशी असते ती छत्री, पाठीवरची पिशवी किंवा हेल्मेट. पिशवी पुढे धरली, तर चांगली ढाल होते.

भ्रमणभाष किंवा सोनसाखळी हवी असेल, तर द्यावी. ती हातात न देता एका बाजूला फेकावी आणि आपण दुसर्‍या बाजूला निघावे.

५. सोबत कुणी असल्यास

हा भाग वर्गात राहून जातो. पण बहुतेकांच्या मनातली खरी भीती हीच असते. आपण एकटे असलो, तर पळून जाऊ. पण सोबत आई असेल, लहान भाऊ असेल तर? त्यांना आपल्या पाठीशी ठेवून त्यांच्या मनगटाला नव्हे, तर खांद्याजवळच्या कापडाला धरावे, म्हणजे त्यांना वळवता येते. घरच्यांशी एक शब्द आधीच ठरवून ठेवावा. तो ऐकताच त्यांनी मागे न पहाता उजेडाकडे, माणसांकडे जायचे आणि ओरडून साहाय्य मागायचे. त्यांनी ‘तुला सोडून कशी जाऊ ?’ असे म्हणत थांबणे, यानेच दोघेही अडकतात. हे त्यांना शांतपणे घरी बसून समजावून सांगावे.

६. प्रतिकाराचा अधिकार कधी संपतो ?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही खासगी संरक्षणाच्या अधिकाराविषयी आहेत. धोक्याची रास्त भीती निर्माण होताच हा अधिकार चालू होतो आणि ती भीती असेपर्यंतच रहातो. संरक्षणासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही. कायद्याला जमावाची कल्पना नाही, असे नव्हे. कलम ४४ मध्ये जमाव जिवे मारायला आलेल्या माणसाचेच उदाहरण दिलेले आहे. तरीही खाली पडलेल्याला किंवा पळणार्‍याला मागे जाऊन मारणे, हे संरक्षण होत नाही. तिसर्‍या सरावात दाराची रेषा ओलांडल्यावर जो मागे वळतो, त्याला प्रशिक्षकांनी बाद ठरवावे, ते याचसाठी.

७. बाहेर पडल्यावर

गजबजलेले दुकान, पेट्रोल पंप किंवा रिक्शातळ गाठावा आणि ११२ या क्रमांकावर संपर्क करावा. आक्रमणकर्ते किती होते, कपडे कोणते, वाहन कोणते, कुठल्या दिशेने गेले, एवढे तरी लगेच सांगावे किंवा लिहून ठेवावे. अशा धामधुमीत जखमेची वेदना पुष्कळदा जाणवतच नाही. मान, काखा, पोट, पाठ आणि मांड्यांची आतली बाजू यांवरून स्वतःचा हात फिरवावा आणि प्रत्येक वेळी तळवा उजेडात पहावा. तो लाल दिसला, तर स्वच्छ कापडाने तेथे घट्ट दाब द्यावा आणि वैद्यकीय साहाय्य येईपर्यंत काढू नये. डोक्याला मार लागला असेल, तर बरे वाटत असले, तरी त्याच दिवशी आधुनिक वैद्यांकडून तपासून घ्यावे.