चौदा गोल

२०११-१२मध्ये मुंबई विद्यापीठात क्रेडिट पद्धत आली आणि शंभरातले ४० गुण कॉलेजच्या हाती आले. मी तेव्हा शहापुरात भूगोल शिकवत होते. त्या गुणांची मी पहिल्याच वर्षी माती केली. तासिका तत्त्वावर नव्याने रुजू होणाऱ्यांनी तरी तसं करू नये, म्हणून हे लिहिते आहे.

प्रकल्प २० गुणांचा होता. विषय दिला होता ‘माझ्या गावाचं पाणी’. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही इथलेच. मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं लिहावं, एवढंच मला हवं होतं. ८६ प्रकल्प आले. तीसेक स्पायरल बाइंडिंगचे, वर प्लास्टिकचं कव्हर, आत धरणाचा रंगीत फोटो. बाकीचे फुलस्केपवर हाताने लिहून दोऱ्याने बांधलेले. दोन रात्रींत मी सगळे हातावेगळे केले. काही तर आसनगावहून कल्याणला जाताना, लोकलमध्ये मांडीवर ठेवून.

गुणांची यादी लागली त्या दुपारी डोळखांबकडचा एक मुलगा स्टाफरूमच्या दारात आला. चिडलेला नव्हता. हातात स्वतःचा आणि मित्राचा असे दोन प्रकल्प. म्हणाला, “मॅडम, याला १७ आणि मला ९. माझं काय कमी पडलं तेवढं सांगा, पुढच्या टायमाला करीन.”

मी त्याचे कागद उघडले. पानापानांवर माझे लाल गोल. घरी बोलतात तसं त्याने सगळीकडे ‘पानी’ लिहिलं होतं. चौदा वेळा. चौदाही ठिकाणी मी ‘न’भोवती गोल काढला होता. मधला मजकूर मात्र त्या दिवशी, तो समोर उभा असताना, मी पहिल्यांदा वाचला. पाड्यावरच्या विहिरीत हंडा भरायला किती वेळ लागतो, हे त्याने तीनदा मोजलं होतं: दिवाळीनंतर दोन मिनिटं, संक्रांतीला पाच, शिमग्याच्या आधी तेरा. झरा कुठल्या बाजूने आटत गेला याची पेन्सिलने काढलेली आकृती होती. मित्राच्या प्रकल्पात तालुका ‘जलसमृद्ध’ होता. एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातली ती फाइल. मागाहून मोजलं तर आणखी अकराजणांनी तीच नाव बदलून दिली होती.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. “बघते,” एवढंच म्हणाले.

त्या रात्री गठ्ठ्यातले पंधरा प्रकल्प काढले, आधीच्या गुणांवर कागद चिकटवला आणि पुन्हा तपासले. सहा ठिकाणी चार किंवा त्याहून जास्त गुणांचा फरक पडला. प्रकल्प तेच, तपासणारी मी तीच. पुढे वाचनात आलं की १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली होती, तेव्हा शंभरपैकी ६४पासून ९८पर्यंत गुण पडले होते. मी एकटीच चुकणारी नाही, हे कळून धीर आला. पण त्या मुलाचे ९ त्याने १७ होत नव्हते. ते रीतसर दुरुस्त करून घ्यायला मला प्राचार्यांसमोर चूक कबूल करावी लागली, आणि ती केली.

दुसरी चूक मात्र मला फार उशिरा कळली, आणि नुकसान तिनेच जास्त केलं. मनाला इतकं लागलं होतं की मी सढळ झाले. पुढे मुरबाडला आले. तिथे टोकावड्याकडून, धसईकडून पोरं पहाटेची एसटी धरून येतात. कुणी पडघ्याच्या गोदामात रात्रपाळी करून थेट वर्गात बसतो. त्यांचे डोळे बघून हात आखडेना. काहीही लिहिलं तरी १६. अशाच एका मुलाला मी तीन वर्षं १६-१७ देत गेले. विद्यापीठाच्या परीक्षेत, जिथे तपासणाऱ्याला नाव दिसत नाही, तो दोनदा नापास झाला. भेटायला आला तेव्हा म्हणाला, “मला लिहिता येत नाय, हे तुम्ही कधी सांगितलंच नाय मॅडम.”

आज मी काय करते ते सांगते. विषय देते त्याच दिवशी कोणता गुण कशाचा, हे फळ्यावर लिहून मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावते: स्वतः केलेल्या नोंदींना ८, त्यांवरून काढलेल्या निष्कर्षाला ६, मांडणीला ४, शुद्धलेखनाला २. बाइंडिंगला शून्य, हेही मोठ्याने सांगते. ‘पानी’ लिहिलं तर त्या दोनातलंच काय ते जाईल, आठांना धक्का लागणार नाही. नावाचं पान मागे दुमडूनच गठ्ठा हातात घेते. चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासताना आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठा पिसून सगळ्यांचा दुसरा. एकाची चांगली सुरुवात त्याच्या पुढच्या उत्तरांना फुकट तारत नाही. वीस झाले की उठते. शेवटी पहिले पाच पुन्हा वाचते, कारण सुरुवातीला माझा हात नेहमी घट्ट असतो. प्रवासात एकही कागद तपासत नाही.

आणि मुदत. लावणीच्या पंधरवड्यात किंवा म्हसाच्या जत्रेच्या आठवड्यात कागद मागायचा आणि उशिराचे गुण कापायचे, हे मी बंद केलं. घर वीटभट्टीवर गेलेल्या मुलीला तारीख वेगळी देते, मोजमाप तेच ठेवते. रात्रपाळीवाल्याची दया आली तर त्याला शनिवारी अर्धा तास जास्त शिकवते. गुणांत ती दया घालत नाही. ९ पडले तर ९च, आणि खाली दोन ओळींत कारण.

तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा परीक्षार्थीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११मध्येच माहितीच्या अधिकाराखाली सांगितलं. माझ्या वर्गात त्यासाठी अर्ज लागत नाही. २०२४-२५पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला, आणि अंतर्गत मूल्यमापनाचा मधल्या काळात घटलेला वाटा पुन्हा ४० टक्क्यांवर गेला. म्हणून कागद परत दिल्यावर आठ दिवस मी दुपारी स्टाफरूममध्ये बसते. कुणीही यावं, शेजाऱ्याचा कागद घेऊन यावं, विचारावं. गुण कमी पडले असतील तर वाढवते आणि कारण नोंदवहीत लिहून सही करते. जास्त पडले असतील तर ती चूक माझी. ते तसेच राहतात. नाहीतर दारापर्यंत यायला कुणी धजणार नाही.