मुलांची न्याहारी

सकाळीं मुलास पेलाभर चहा व बटर देऊन शाळेंत धाडावें, ही चाल आपल्या पुष्कळ घरांत पडली आहे. चहानें भूक मरते, पण अंगीं कांहीं लागत नाहीं. शिवाय चहांतील तुरट द्रव्य अन्नांतील लोह शरीरास नीट शोषूं देत नाहीं.

नाचणीला गरिबांचें धान्य म्हणून नाक मुरडणारे आईबाप आहेत. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष अशाच भरडधान्यांचें म्हणून पाळिलें, हें त्यांनीं ध्यानांत घ्यावें. शंभर ग्रॅम नाचणींत हाडांस लागणारें कॅल्शियम सुमारें ३५० मिलिग्रॅम असतें. सडलेल्या पांढऱ्या तांदुळांत त्याचा विसावा हिस्साही नसतो. नाचणी रात्रभर भिजवावी, फडक्यांत बांधून मोड आणावे, मग वाळवून, किंचित् भाजून दळावी. मोडाच्या पिठाची पेज फार घट्ट होत नाहीं. म्हणून लहानग्याच्या वाटींत पीठ अधिक घालतां येतें, आणि हाच त्यांतील खरा लाभ. वर थोडें दूध किंवा शेंगदाण्याचें कूट असावें.

मूल प्रथम तोंड फिरवील. त्यास मारूं नये, गुळाची लालूच फार दाखवूं नये. दुसरे दिवशीं पुन्हा दोन घांस पुढें ठेवावे. वारंवार चाखल्यानेंच आवड लागते. मात्र बापानें स्वतः चहा-बटर खावें व मुलास पेज पी म्हणून दटावावें, हें चालावयाचें नाहीं.