वाचकांचे प्रश्न : शिष्यवृत्ती मंजूर झाली, पैसे कधी?

समुद्रविज्ञान आणि हवामानशास्त्र शिकणाऱ्या पदवीच्या मुलांकडून आणि त्यांच्या पालकांकडून हल्ली बरीच पत्रं येतात. गंमत अशी की त्यांत मान्सूनपेक्षा बँकेच्या खात्याबद्दल जास्त विचारलेलं असतं. या वेळी त्यातली काही पत्रं एकत्र घेतली आहेत. उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल : या पैशांची मंजुरी आधी येते, खर्च मधे होतो आणि रक्कम शेवटी जमा होते.

प्रश्न : सा. न. वि. वि. माझी मुलगी बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळते. वर्षाला ८० हजार मिळतील असं कळलं होतं, प्रत्यक्षात खात्यावर ६० हजारच जमा झाले. उरलेले २० हजार कुठे गेले? उन्हाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत मान्सूनवर प्रकल्प करायचा तिचा विचार आहे. हे सगळे पैसे मी माझ्या आयकर रिटर्नमध्ये दाखवायचे का? — एक पालक, चिपळूण

उत्तर : २० हजार कुठे गेलेले नाहीत, ते अजून मिळवायचे आहेत. महिना ५ हजार या हिशेबाने वर्षाचे ६० हजार ही शिष्यवृत्तीची रोख बाजू. उरलेले २० हजार उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पाचे. ते मिळण्यासाठी प्रकल्प करावा लागतो, त्याचा अहवाल लिहावा लागतो आणि मार्गदर्शकाच्या सहीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आपल्या मुलीने हे अजून केलेलं नाही, म्हणून ते आलेले नाहीत. या योजनेत जे मूलभूत विज्ञानाचे विषय ठरवून दिले आहेत, त्यांत वातावरणविज्ञान आणि समुद्रविज्ञान यांची नावं स्वतंत्रपणे आहेत. त्यामुळे भौतिकशास्त्राच्या मुलीने मान्सूनकडे वळण्यात वावगं काही नाही. या क्षेत्रातली बरीच मंडळी भौतिकशास्त्र नाहीतर गणित करूनच आलेली असतात.

आता कर. आयकर कायदा, १९६१ च्या कलम १०(१६) प्रमाणे शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे. तिला रकमेची मर्यादा नाही आणि ती सरकारनेच दिलेली असावी अशीही अट नाही. शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ कॉलेजची फी, असा संकुचित अर्थ उच्च न्यायालयांनी लावलेला नाही. राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास हेही त्यात येतं. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला. ही सवलत त्यातही आहे, पण कलमांचे क्रमांक बदललेले आहेत. कोणाशी पत्रव्यवहार करताना पैसे कोणत्या वर्षातले आहेत ते पाहून क्रमांक लिहा, नाहीतर लेखा विभागातला कारकून तेवढ्यावरून पत्र परत पाठवतो.

आपल्या रिटर्नमध्ये यातलं काहीही दाखवायचं नाही. अज्ञान मुलाचं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवतात हे खरं, पण मुलगी १८ वर्षांची झाली की तो नियम संपतो. या पैशांमुळे नॉन-क्रीमीलेयर दाखला अडेल अशीही काळजी नको. त्यात आई-वडिलांची स्थिती आणि उत्पन्न पाहतात, विद्यार्थ्याचं नाही.

खरा घोळ होतो तो दुसऱ्याच ठिकाणी. संस्थेने उन्हाळ्याच्या कामाचे स्वतःच्या निधीतून पैसे दिले, तर लेखा विभाग कधी कधी ते ‘व्यावसायिक शुल्क’ या शीर्षाखाली टाकतो आणि १० टक्के कापून घेतो. वास्तविक या शीर्षाखाली वर्षाला ५० हजारांपर्यंतच्या रकमेवर कपात करायची नसते. ही मर्यादा एप्रिल २०२५ पर्यंत ३० हजार होती, आणि काही कार्यालयांच्या डोक्यात अजून तीच आहे. पॅन दिलेला नसेल आणि कपात लागू होत असेल, तर १० ऐवजी २० टक्के जातात. म्हणून मुलीचं पॅन कार्ड आत्ताच काढून ठेवा. कपात झालीच तर घाबरू नका. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि विद्यार्थिनीचं उत्पन्न त्याच्या जवळपासही जात नाही. पण कापलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. तिच्या नावाने रिटर्न भरावं लागतं. त्याआधी फॉर्म २६एएसमध्ये ती कपात दिसते का ते पाहा. दिसत नसेल, तर संस्थेने पैसे कापले पण तिच्या पॅनवर नोंदवले नाहीत असा अर्थ होतो. मग आधी संस्थेच्या मागे लागा.

दुसरा घोळ खात्याचा. शाळेत असताना उघडलेलं शून्य शिल्लक खातं बहुतेकांचं असतं. त्यावर आई किंवा वडील पालक म्हणून असतात, आणि मूल १८ वर्षांचं झाल्यावर नव्याने केवायसी केलं नाही तर व्यवहार अडकतात. शिवाय खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणं वेगळं आणि ते खातं आधार-सीडेड असणं वेगळं. सरकारचे थेट जमा होणारे पैसे सीडेड खात्यात जातात, आणि असं खातं एका वेळी एकाच बँकेत असतं. पुण्याला गेल्यावर सोयीसाठी मुलीने दुसऱ्या बँकेत खातं उघडलं आणि तिथे सीडिंगच्या चौकोनात खूण केली, की चिपळूणच्या खात्यात येणारे पैसे तिकडे वळतात. मग घरचे म्हणतात, शिष्यवृत्ती बंद झाली.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आयआयटीएम पाषाणला आहे. दोन महिन्यांसाठी त्या भागात खोली घ्यायची तर डिपॉझिट पहिल्या दिवशी द्यावं लागतं आणि खानावळीचे पैसेही आगाऊ. इन्स्पायरचे २० हजार अहवाल गेल्यावर, म्हणजे ही खोली सोडून झाल्यावर येणार. संस्था स्वतः विद्यावेतन देते का, वसतिगृहात जागा आहे का, आणि प्रकल्पासाठी विद्यार्थ्याकडूनच काही शुल्क घेतात का (काही सरकारी प्रयोगशाळा घेतात), हे तिन्ही प्रश्न मार्गदर्शक शास्त्रज्ञांना पहिल्याच ईमेलमध्ये विचारा. विचारायला संकोच वाटतो हे मान्य. पण न विचारता गेलेली मुलं तिसऱ्या आठवड्यात घरी फोन करतात.

प्रश्न : तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपबद्दल मला मार्चमध्ये कळलं. मला गोव्यात एनआयओ या समुद्रविज्ञान संस्थेत काम करायचं आहे. आता अर्ज करता येईल का? — बी.एस्सी. भूशास्त्राचा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : या उन्हाळ्यासाठी नाही. बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तिघी मिळून ही फेलोशिप देतात, आणि तिचे अर्ज आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आगेमागे मागवले जातात. पृथ्वी आणि ग्रहविज्ञान हा त्यांच्या विषयांपैकी एक आहे, त्यामुळे भूशास्त्राला दार उघडं आहे. अर्जासोबत प्राध्यापकांचं शिफारसपत्र आणि काय शिकायचं आहे याचं छोटं टिपण लागतं. टिपणात ‘मला समुद्राची लहानपणापासून आवड आहे’ हे वाक्य लिहू नका. ते सगळेच लिहितात. त्यापेक्षा अरबी समुद्रातल्या गाळाबद्दल तुम्ही काय वाचलंत आणि त्यातलं काय कळलं नाही, ते लिहा.

यंदासाठी दुसरा मार्ग थेट शास्त्रज्ञांना लिहिण्याचा. एनआयओचं मुख्यालय दोना पावलाला आहे, पण मुंबई, कोची आणि विशाखापट्टणम इथेही केंद्रं आहेत. नांदेडहून मुंबई परवडेल. एक सांगून ठेवतो : पहिल्याच उन्हाळ्यात संशोधन जहाजावर जायला मिळेल अशी आशा धरू नका. सूक्ष्मदर्शकाखाली प्लवक मोजणं किंवा संगणकावर तापमानाचे आकडे चाळणं, हेच बहुतेकांच्या वाट्याला येतं. पायथन येत असेल तर तुमच्या पत्राला उत्तर येण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : मी मत्स्यविज्ञानाच्या पदवीला आहे. आमच्या ग्रुपवर शिष्यवृत्त्यांची एक मोठी यादी फिरते आहे. त्यात इन्स्पायर आहे आणि अमेरिकेतल्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेची हॉलिंग्स शिष्यवृत्तीही आहे. मला कोणती मिळेल? — विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : या दोन्हींतली एकही नाही. इन्स्पायर मूलभूत विज्ञानाच्या पदवीसाठी आहे, मत्स्यविज्ञान व्यावसायिक पदवीत मोडतं. हॉलिंग्स केवळ अमेरिकी नागरिकांसाठी आहे. आयसीएआरच्या प्रवेशप्रक्रियेतून आपल्या राज्याबाहेरच्या कृषी वा मत्स्य महाविद्यालयात गेलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती आहे, पण आपण रत्नागिरीतच शिकत असाल आणि महाराष्ट्राच्या रहिवासी असाल तर तीही लागू होत नाही. आपल्यासाठी आधी महाडीबीटीवरच्या राज्याच्या योजना पाहा. त्यात एक खबरदारी घ्या. ‘मी दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती घेत नाही’ असं हमीपत्र काही योजनांत असतं. त्यावर सही करून दुसरीकडूनही पैसे घेतले, तर नंतर वसुलीची नोटीस येते. फिरत्या याद्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. त्यात नावं खरी असतात, पात्रतेच्या अटी गाळलेल्या असतात.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. थोरल्या मुलीकडे ग्रीन कार्ड आहे, तिचा चुलतभाऊ अमेरिकी नागरिक आहे आणि आमच्या शेजाऱ्यांची मुलगी एच-४ व्हिसावर आहे. तिघंही समुद्रविज्ञानाकडे वळू पाहतात. तिघांना एकच सल्ला चालेल का? — एक आई, एडिसन

उत्तर : चालणार नाही. तिघांच्या कागदपत्रांप्रमाणे तीन उत्तरं आहेत. हॉलिंग्सचा अर्ज फक्त पुतण्या करू शकेल, तोही पदवीच्या दुसऱ्या वर्षी. तिची मुदत साधारण जानेवारीअखेर असते. वर्षाला साडेनऊ हजार डॉलरपर्यंत शिक्षणखर्च, आणि दोन वर्षांच्या मधल्या उन्हाळ्यात नोआच्या एखाद्या केंद्रात दहा आठवड्यांचं काम, आठवड्याला ७०० डॉलर, असं तिचं स्वरूप राहिलेलं आहे. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या आरईयू या उन्हाळी संशोधन प्रकल्पांना नागरिकांबरोबर ग्रीन कार्डवालेही चालतात, म्हणजे तिथे तुमच्या मुलीला संधी आहे. मात्र २०२५ च्या उन्हाळ्यात निधीअभावी अनेक आरईयू केंद्रं रद्द झाली होती. एकाच ठिकाणी अर्ज करून थांबू नका.

शेजारच्या मुलीला एच-४ वर पगारी काम करता येत नाही, मग त्याला स्टायपेंड म्हणा की आणखी काही. तिने विद्यापीठाच्या स्वतःच्या फीसवलतींकडे पाहावं. एकविसावं वर्ष पूर्ण होताच एच-४ संपतो, तेव्हा इमिग्रेशन वकिलाला आत्ताच गाठलेलं बरं.

कराच्या बाबतीत भारतातली सवय अमेरिकेत चालत नाही. तिथे कलम ११७ प्रमाणे फी, सक्तीची पुस्तकं आणि साहित्य यांवर गेलेला भागच करमुक्त. राहण्या-जेवणावर खर्चलेली शिष्यवृत्ती करपात्र. म्हणजे साडेनऊ हजार फीत गेले तर कर नाही, पण उन्हाळ्याचे ७ हजार डॉलर ही कमाईच. वर्षभरात दुसरं उत्पन्न नसेल तर ती स्टँडर्ड डिडक्शनमध्ये सामावते आणि कापलेला फेडरल कर रिटर्न भरून परत मिळतो.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा, पदवीच्या पहिल्या वर्षाला. किनाऱ्यावर पाण्याचे नमुने घेण्याच्या एका उन्हाळी कार्यक्रमात त्याची निवड झाली आहे. त्यासाठी एका हमीपत्रावर सही मागतात. त्यात ‘अपघात झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ आणि ‘काम अर्धवट सोडल्यास विद्यावेतनाच्या दुप्पट रक्कम परत करू’ असं आहे. — एक वडील, वास्को

उत्तर : मुलाने एकट्याने सही केली तर तो करारच नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अज्ञानाला करार करता येत नाही, आणि १९०३ च्या मोहरी बीबी खटल्यापासून असा करार मुळातच रद्दबातल मानतात. म्हणूनच आपली सही मागितली जाते, आणि आपण मात्र बांधले जाता. दुप्पट परतफेडीचं कलम दिसतं तेवढं भयंकर नाही. कलम ७४ खाली न्यायालय वाजवी भरपाईच देववतं, लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा. तरी सहीपूर्वी ‘प्रत्यक्ष दिलेली रक्कम’ अशी दुरुस्ती मागून पाहा. बऱ्याचदा कोणी मागतच नाही म्हणून ती होत नाही.

अपघाताच्या ओळीने संस्थेचा निष्काळजीपणा आपोआप माफ होत नाही. पण कोर्टात भांडण्यापेक्षा विमा बरा. वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना १८ पूर्ण झाल्यावरच घेता येते, म्हणजे आपल्या मुलाला नाही. कॉलेजचा सामूहिक अपघात विमा आहे का, आणि तो आवाराबाहेरच्या कामाला लागू होतो का, हे प्राचार्यांकडून लेखी घ्या. होडीवर जायचं असेल तर लाइफ जॅकेट कोण देणार, हेही त्याच पत्रात विचारा.

प्रश्न : ‘हवामान संशोधन इंटर्नशिप, घरबसल्या, प्रमाणपत्रासह’ अशी जाहिरात पाहून मी नोंदणीचे पैसे भरले. आता ‘डेटा शुल्क’ म्हणून आणखी मागतात. भरू का? — विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : भरू नका. हवामान आणि समुद्राचा कितीतरी डेटा विद्यार्थ्यांना फुकट मिळतो, त्याचं शुल्क विद्यार्थिनीकडून मागणाऱ्याची दानत त्यातच दिसते. सरकारी प्रयोगशाळेचं शुल्क संस्थेच्या खात्यात जातं आणि त्याची पावती मिळते. कोणा व्यक्तीच्या यूपीआयवर ते कधीच जात नाही. पैसे जाऊन फार वेळ झाला नसेल तर आजच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार पोचली, तरच ते गोठवता येतात.