रेंज नसलेल्या वाडीला धरूनच ॲप बांधा

१९ जुलै २०२३च्या रात्री रायगडच्या खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडी जाईल असा रस्ताच नव्हता. त्यानंतर कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरच्या आशाताई आणि तरुण कार्यकर्त्यांना पावसाळ्यात एकत्र बोलता यावं, म्हणून आम्ही सामूहिक कॉलचं ॲप बांधायला घेतलं. कर्जत स्टेशनाजवळ ते झकास चाललं. खांडसकडे मात्र शब्द तुटायचे, आणि पत्र्यावर पाऊस सुरू झाला की कुणाचंच काही कळेना. असं काम हाती घेणाऱ्यांसाठी त्यातून हाती लागलेलं इथे सांगतो.

आधी आवाज कुठे मिसळतो ते पाहा. जिट्सी, मीडियासूप, लाइव्हकिट ही साधनं मुख्यतः प्रत्येकाचा आवाज वेगळा पुढे धाडतात. वीस जणांनी माइक उघडे ठेवले, तर एका फोनवर एकोणीस प्रवाह येऊन आदळू शकतात. ॲस्टरिस्कचं कॉन्फब्रिज, फ्रीस्विच आणि जेनसचं ऑडिओब्रिज सर्व्हरवरच आवाज एकत्र करतात आणि प्रत्येकाला एकच प्रवाह देतात. त्यात सर्व्हरवर ताण येतो, पण वाडीवरचा फोन तग धरतो. निव्वळ आवाजाच्या बैठकीसाठी मी हाच मार्ग सुचवेन.

दुसरं, आवाज ज्या छोट्या डेटा-पाकिटांतून जातो त्यांचा हिशेब करा. २०१२ साली प्रमाणित झालेला ओपस कोडेक सेकंदाला १६ किलोबिटमध्ये बोलणं स्वच्छ पोचवतो. पण दर २० मिलिसेकंदांना एक पाकीट म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. प्रत्येकावर पत्त्याबित्त्याचे ४० बाइट धरले, तर आणखी १६ किलोबिट नुसत्या वेष्टनातच जातात. पाकीट ६० मिलिसेकंदांचं केलं की वेष्टनाचा खर्च एकतृतीयांशावर येतो. बोलणं किंचित उशिरा पोचतं, पण संभाषण अडत नाही. मात्र मोठं पाकीट हरवलं तर जास्त शब्द जातात, म्हणून ओपसमधली हरवलेला आवाज भरून काढणारी सोयही चालू ठेवा.

तिसरं, माइक मुळात बंद असू द्या. बोलणाऱ्याने बटण दाबून उघडावा. आरएनएनॉइजसारखं साधन पावसाचा आवाज कमी करतं, पण वीस उघड्या माइकांपुढे तेही थकतं.

साध्या बटणाच्या फोनवाल्यांना वगळू नका. ॲस्टरिस्क किंवा फ्रीस्विचला परवानाधारक दूरसंचार कंपनीचा क्रमांक जोडला, की डायल करून बैठकीत येता येतं. काही नेटवर्कवर इंटरनेटच्या कॉलची थेट वाट बंद असते. त्यासाठी मधे राहून आवाज पुढे धाडणारा कोटर्न सर्व्हर बसवा आणि ४४३ पोर्टवरून पर्यायी वाट ठेवा.

आणि चाचणी ऑफिसच्या वायफायवर उरकू नका. ऐन जुलैत, स्वस्तातल्या स्वस्त फोनवर, पत्र्याच्या घरात बसून घ्या. तिथल्या आशाताईंना पलीकडचं बोलणं नीट कळलं, तरच काम झालं म्हणा.