प्रीप्रोसेसरला एनम दिसत नाही

मोटर कंट्रोलरच्या फर्मवेअरवर आमचं काम चालू होतं. करंट मर्यादेबाहेर गेला की मोटर ट्रिप झालीच पाहिजे. फक्त चाचणीच्या बिल्डमध्ये हे ट्रिपिंग बंद असायचं. एकदा ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्डमध्येही मोटर ट्रिप होईना. डीबगरमध्ये पाहावं तर मोड ‘नॉर्मल’, आणि चालत होता तो चाचणीचा कोड.

मूळ होतं एका चांगल्या हेतूने केलेल्या बदलात. मोड_नॉर्मल आणि मोड_टेस्ट हे आधी #डिफाइनने 0 आणि 1 ठरवलेले मॅक्रो होते. डीबगरमध्ये आकड्याऐवजी नाव दिसावं म्हणून त्यांचं एनम झालं. बिल्ड_मोड मात्र मॅक्रोच राहिला, त्याची किंमत मोड_नॉर्मल. आणि दुसऱ्या एका फाइलमध्ये ओळ होती: #इफ बिल्ड_मोड == मोड_टेस्ट.

या ओळीचा निकाल प्रीप्रोसेसर लावतो. त्याच्या लेखी एनम, व्हेरिएबल, कॉन्स्ट, साइझऑफ यांतलं काहीच अस्तित्वात नसतं. #इफमधलं जे नाव मॅक्रो म्हणून माहीत नाही, ते 0 धरायचं, असा सीच्या स्टँडर्डचाच नियम आहे. बिल्ड_मोड उलगडून मोड_नॉर्मल झाला, म्हणजे 0. मोड_टेस्टही 0. अट खरी ठरली! साध्या इफमध्ये हीच तुलना बिनचूक खोटी ठरली असती. एरर नाही, वॉर्निंग नाही, बिल्ड बिनबोभाट पार. म्हणूनच हा नियम मला फार धोकादायक वाटतो.

असं काही दिसलं तर डीबगरमध्ये वेळ घालवू नका. जीसीसीला मायनस कॅपिटल ई देऊन प्रीप्रोसेसरचं आउटपुट काढा. आमच्या आउटपुटमध्ये ट्रिपच्या ओळी नव्हत्याच. शिवाय #इफमध्ये असं अनोळखी नाव आलं की वॉर्निंग देणारा -डब्ल्यूअनडेफ बिल्डमध्ये कायमचा लावा. -डब्ल्यूऑल किंवा -डब्ल्यूएक्स्ट्रा दिला तरी तो चालू होत नाही, वेगळा द्यावा लागतो. जुन्या प्रोजेक्टमध्ये ढीगभर वॉर्निंग येतील. त्या एकेक करून निस्तरण्यासारख्या आहेत.

#इफडेफला मात्र या वॉर्निंगचा उपयोग नाही. नावात एक अक्षर चुकलं तर तो भाग गुपचूप गळतो; आणि मॅक्रोची किंमत 0 दिली, तरी नाव डिफाइन आहे म्हणून अट खरीच. त्यामुळे प्रत्येक स्विचला 0 किंवा 1 अशी किंमत द्या आणि #इफ वापरा. त्याहून बरं म्हणजे, जमेल तिथे साधा इफ लिहा. दोन्ही बाजू कंपायलर तपासतो, आणि अट स्थिर असेल तर न लागणारी बाजू ऑप्टिमायझर सहसा काढून टाकतो.

मॅक्रोत काय ठेवू नये, हेही पाहा. ट्रिपची मर्यादा मोटरगणिक बदलते. ती मॅक्रोत ठेवली तर प्रत्येक मोटरसाठी नवं बिल्ड करावं लागेल. ती ईईप्रॉममधून व्हेरिएबलमध्ये घ्या, आणि वापरण्याआधी बोर्डाला सोसेल त्या कमाल करंटशी ताडून पाहा. तो कमाल आकडा हार्डवेअरने ठरलेला असतो. तो मॅक्रोच राहू द्या.