धक्क्याला लागल्यानंतरचा मोकळा दिवस

कोकोस कीलिंग बेटांवरून निघालेली शिडाची बोट पश्चिमेला सुमारे २,००० सागरी मैल कापून रॉड्रिग्जला पोहोचते, तोवर तिच्यावरची माणसं पार पिळवटून निघालेली असतात. आग्नेयेकडचे व्यापारी वारे पाठीशी असले, तरी खालून, नैर्ऋत्येकडून येणारी लाट बोटीला आडवी मारत राहते. झोप तुटक, जेवण उभ्या-उभ्या, अंगावरचा कपडा कधीच पुरता कोरडा नाही. मग पोर्ट माथुरिनच्या धक्क्याला दोर पडतात, आरोग्य, कस्टम्स, इमिग्रेशनची मंडळी कागद बघून जातात, आणि कप्तान म्हणतो, उद्या सुट्टी. त्या उद्याबद्दल हे लिहितोय. त्या मार्गाने जाणाऱ्यांत हल्ली आपली माणसंही दिसू लागली आहेत, म्हणून.

आधी पायांचं. बोटीवर आपण दिवसभर तोल सावरत असतो, पण चालत नाही. पोटऱ्या ढिल्या पडतात, तळवे ओलसर डेकवर राहून लहान मुलासारखे मऊ होतात. जमिनीवर उतरल्यावर पहिला दिवसभर रस्ता हलल्यासारखा वाटतो, तो त्रास आपोआप जातो. तेवढा वेळ गावातच काढावा हे बरं. शनिवार असेल तर पोर्ट माथुरिनचा बाजार सकाळी लवकर गाठा. बारकी लिंबं, झणझणीत मिरच्या आणि त्यांच्या लोणच्यांच्या बाटल्या बघून आपला माणूस तिथे रमतोच. मॉरिशसला कुणी मराठी बोलणारं भेटेल, रॉड्रिग्जवर ती आशा धरू नका. इथे क्रिओल चालते. दुखतंय, पाणी, दवाखाना एवढे शब्द आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

आमच्यात एक काका होते. मूळचे गुहागरकडचे, मालवाहू जहाजांवर इंजिनात उमर घालवलेले. चौघांच्या बोटीत सगळ्यात अनुभवी तेच, त्यामुळे त्यांना शिकवायला कोण जाणार? आम्ही दोघं बसने पूर्व किनाऱ्याला गेलो आणि पायवाटेने सें फ्रान्स्वाच्या पुळणीवर उतरलो. ओहोटी लागली होती. रॉड्रिग्ज जेमतेम १८ किलोमीटर लांब, पण त्याच्याभोवतीची प्रवाळाच्या कड्यातली उथळ खाजणं बेटाच्या दुप्पट क्षेत्रफळाची आहेत. ओहोटीला मैलभर चालत जाता येईल असं वाटतं. काकांनी चपला पुळणीवर काढल्या.

"काका, बूट घाला ना."

"अरे, खडपात कालवं काढत लहानाचा मोठा झालोय मी."

कोकणातलं खडप ज्याच्या पायाखालचं आहे, त्याला हा आत्मविश्वास येणारच. पण कालवांच्या धारेने पाय कापला तर रक्त येतं आणि प्रकरण मिटतं. या खाजणांत स्टोनफिश असतो. शेवाळ चढलेल्या दगडासारखा पडून राहतो, माणूस जवळ आला तरी हलत नाही, आणि त्याच्या पाठीवर विषाचे १३ काटे असतात. तिथे भाल्याने ऑक्टोपस टिपणाऱ्या बायका वर्षानुवर्षं खाजणात उतरतात. त्या पायात जाड बूट घालतात आणि पुढचा दगड भाल्याने चाचपल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. त्यांच्या मागोमाग चालणं हा उत्तम उपाय. पण ऑक्टोपस वाढावेत म्हणून २०१२ पासून दरवर्षी काही आठवडे शिकार बंद असते, बहुधा ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान, आणि नेमके तेच दिवस शिडाच्या बोटी इथे येण्याचे. खाजण रिकामं होतं.

काका ओरडले नाहीत. एकदम खाली बसले, नुसतं "आई गं" म्हणाले आणि टाच हातात धरली. पाच मिनिटांत चेहरा राखेसारखा झाला. मासा आम्हाला दिसलाच नाही. पुळणीमागच्या खानावळीतली बाई लांबूनच "लाफ, लाफ" करत आली. तिने चुलीवरचं पातेलं उतरवलं, गरम पाण्यात गार घातलं, आधी स्वतःचा हात बुडवून पाहिला, मग काकांचा दुसरा, धड पाय त्यात बुडवायला लावला. तो पाय सोसतोय म्हटल्यावरच दुखरा पाय आत घेतला. हा क्रम लक्षात ठेवा. ठणकणाऱ्या पायाला भाजतंय की नाही ते कळत नाही, आणि वेदनेच्या भरात माणूस उकळतं पाणीही मागतो. पाणी सोसेल इतकं गरम, ४५ अंशांच्या आसपास, अर्धा ते दीड तास. गार होईल तसं बदलत राहायचं. हे विष उष्णतेने निकामी होतं. चिरा देणं, चोखणं, वर करकचून बांधणं, यातलं काही करू नये. आणि वेदना उतरली तरी डॉक्टरकडे जायचंच. काट्याचा तुकडा आत राहू शकतो, धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं, श्वासाचा त्रास झाला तर मग थांबायला वेळच नसतो.

पातळ तळाचे रबरी बूटही या काट्याला पुरते अडवत नाहीत, हेही सांगून ठेवतो. जाड तळ हवा, आणि पाऊल सरकवत चालायला हवं.

इकडे बंदरात वेगळाच घोळ. मॉरिशसहून सामानाचं जहाज यायचं असलं की पोर्ट माथुरिनच्या छोट्या बंदरातल्या बोटींना बाहेर जाऊन नांगरावं लागतं. जहाज कधी येणार ते आधी कळतं, पण वेळ पुढेमागे होते. आम्ही इस्पितळातून अंधार पडताना धक्क्यावर आलो तेव्हा कप्तान आणि चौथा गडी, दोघांनीच बोट बाहेर नेली होती. हातातला व्हीएचएफ संच सोबत होता म्हणून डिंगी मागवता आली. तेव्हा सुट्टी दिली तरी निम्मी माणसं बोटीपासून तासाभराच्या आत असावीत, आणि उतरताना कोण कुठे चाललंय ते लॉगबुकात लिहून जावं. बसवर भिस्त ठेवू नका, संध्याकाळ व्हायच्या आत त्या आटोपतात.

मॉरिशस पुढे साधारण ३५० सागरी मैल. सूज उतरेपर्यंत कप्तानाने निघायचं नाव काढलं नाही. निघाल्यावरही काकांना दोरांवर येऊ दिलं नाही. त्यांचे रात्रीचे वॉच आम्ही तिघांनी वाटून घेतले, आणि ते खाली बसून, पाय उशीवर ठेवून, आमच्या वरणात मीठ कमी की जास्त ते सांगत राहिले.